स्क्रीनवर आलेलं माहेरचं नाव

दर शनिवारी सकाळी अमेरिकेत, कॅरी गावातल्या आमच्या लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर प्रोग्रामिंगचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे आम्ही मोजकी मोठी माणसं. एक निवृत्त पोस्टमन, दोन नर्सा, एक सुतारकाम करणारा गृहस्थ आणि मी. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची आहे. तिची नखं दर आठवड्याला वेगळ्या रंगाची असतात आणि आवाज मात्र कायम एकसारखा, शांत. तिला राग येत असेल असं मला वाटत नाही. मला येतो, आणि तो लपवता येत नाही.

मी त्याच लायब्ररीत खालच्या मजल्यावर काम करते. बाहेरून येणाऱ्या पुस्तकांची नावं कॅटलॉगमध्ये चढवायची, हे माझं काम. ती नावं येतात तीच मुळी वाकडीतिकडी. कुठे दोन शब्दांत चार जागा मोकळ्या, कुठे लेखकाचं आडनाव पुढे, कुठे सगळी अक्षरं मोठी. मी ती एकेक करून हातानं सरळ करत असे. आमच्या सुपरवायझरबाई एकदा मागे उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, हे सगळं पाच ओळींचा प्रोग्राम करील, तू शिकून का घेत नाहीस? मला ते थोडं लागलं. पण शिकायला बसले.

एका शनिवारी आम्हांला मजकूर बदलायला शिकायचं होतं. प्रोग्रामिंगमध्ये मजकुराच्या तुकड्याला स्ट्रिंग म्हणतात. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, एक वाक्य लिहा, त्यातला एक शब्द बदलायला सांगा आणि मग ते वाक्य परत छापा. पोस्टमननं मांजराचं कुत्रं करायला घेतलं. नर्सांनी सोमवारचा शुक्रवार. मी हात कीबोर्डवर ठेवून बसून राहिले. बदललेला शब्द म्हटल्यावर मला दुसरं काही सुचेचना. शेवटी मी टाइप केलं, ‘माझं नाव अमुक आहे.’ अमुकच्या जागी माझं माहेरचं नाव. आडनाव नव्हे, पहिलं नाव, जे माझ्या बारशाला ठेवलं होतं. पुढच्या ओळीत सांगितलं की, हे नाव काढ आणि त्या जागी माझं आत्ताचं नाव घाल. मग सांगितलं, छाप.

माहेरचं नाव छापून आलं.

मला वाटलं, माझंच काही चुकलं. पुन्हा केलं. पुन्हा तेच. स्वल्पविराम तपासले, कंस तपासले, चष्मा काढून पुसला, परत लावला. पुन्हा तेच नाव. इतक्या वर्षांनी ते असं छापील अक्षरांत, माझ्यासमोर, मी नको म्हणत असताना येत होतं. मशीनवर चिडून काही उपयोग नसतो, तरी मी चिडले. मराठीतून दोन शब्द बोललेही. पोस्टमननं वळून पाहिलं.

बाई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. म्हणाल्या, “तुझं बरोबर आहे. नाव बदललेलं नवीन वाक्य तयार झालंय. पण तू ते कुठे ठेवलंच नाहीस, म्हणून ते हवेत गेलं.”

“आणि हे जुनं?”

“ते जसंच्या तसं. स्ट्रिंग बदलता येत नाही. एकदा झाली की झाली. बदल करायला सांगितलास तर शेजारी दुसरी बनते. पहिलीला हात लागत नाही.”

मग त्यांनी दोन्ही नावांकडे बोट केलं. हे कुणाचं? माझं. आणि हे? तेही माझंच. मला पुढे सांगावंच लागलं. लग्नात बदललं. हां, म्हणजे आडनाव, त्या म्हणाल्या. नाही, पहिलं नाव. त्यांचे डोळे मोठे झाले. कुणी बदललं? नवऱ्यानं. कसं? ताटात तांदूळ पसरून त्यात लिहिलं.

इंग्रजीत सांगायला गेलं की आपल्या कितीतरी गोष्टी पोलिसांत तक्रार नोंदवल्यासारख्या ऐकू येतात. तसं काही झालं नव्हतं, हे मी त्यांना पटवायचा प्रयत्न केला. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. पण घरी गाडी चालवताना मला कळेना की मी इतकी घाईघाईनं कुणाची बाजू घेत होते. पाइनच्या झाडांचे पिवळे परागकण सगळ्या काचेवर बसले होते. मी वायपर चालू केला, तर अजूनच चिखल झाला.

तांदळाचा प्रसंग मला नीट आठवतो. माझं माहेर अमरावतीचं, सासर पुण्याचं. वरात घरी आली, माप ओलांडून झालं, लक्ष्मीपूजन झालं, आणि मधोमध मोठं ताट ठेवलं. त्यात तांदूळ पसरलेले. नवऱ्याच्या हातात सोन्याची अंगठी दिली आणि सगळे वाकून बघायला लागले. आम्ही एकमेकांना दोनदा भेटलो होतो, तेही नातेवाइकांच्या गराड्यात. तो खाली मान घालून अंगठीनं लिहायला लागला आणि त्याचे कान लाल झाले. नाव लिहून झाल्यावर सासूबाईंनी मोठ्यानं वाचलं. सगळे म्हणाले, वा, छान नाव. पेढे वाटले. मलाही पेढा दिला, जणू मलाही ती बातमीच होती. ती होतीच.

मला आधी कुणी विचारलं नव्हतं. विचारायला हवं होतं असं तेव्हा मलाही वाटलं नव्हतं. आमच्या गल्लीतल्या सगळ्या मुलींचं तसंच झालं होतं. मग कुणीतरी ताट उचललं, तांदूळ सारखे करायला जरा हलवलं, आणि अक्षरं मोडली. ते तांदूळ परत डब्यात गेले. माझ्या मनात नाव बदलण्याचं चित्र तेच राहिलं. तेच तांदूळ, त्यांच्यावरच एक पुसून दुसरं लिहायचं. म्हणून वर्गात मी संगणकालाही तसंच समजले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वयंपाकघरातून नव्या नावानं हाक मारली. मी पलंगावर शांत बसून होते. त्यांनी परत मारली. तिसऱ्या हाकेला त्या स्वतः दारात आल्या आणि माझ्याकडे बघतच राहिल्या. नवी सून कानानं कमी आहे, ही बातमी त्या आठवड्यात सासरच्या गोतावळ्यात फिरली. नणंदेनं तर माझ्या पाठीमागे टाळी वाजवून पाहिली.

गंमत अशी की ज्यानं ते नाव निवडलं त्यानं ते कधी वापरलंच नाही. आमच्यात नवऱ्यानं बायकोला नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. तो मला ‘अगं’ म्हणतो, मी त्याला ‘अहो’. सासूबाई गेल्यावर ते नाव पासपोर्टवर आणि दवाखान्याच्या दारात उरलं. इथल्या मराठी मंडळातली मुलं काकू म्हणतात, लेक मॉम म्हणते. लायब्ररीत त्या नावाचं पहिलं अक्षर तेवढं घेतात आणि बाकीचं सोडून देतात.

माहेरच्या नावाला तेवढीही चैन नव्हती. भाऊ धाकटा, तो ताई म्हणतो. बाबा शेवटपर्यंत बाळ म्हणायचे. शाळेत त्या नावाच्या आम्ही तिघी होतो, म्हणून सगळ्या जणी आडनावानं हाक मारत, आणि आता व्हॉट्सॲपच्या ग्रुपवरही मी आडनावच आहे. त्या नावानं मला हाक मारणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे आई. दर शनिवारी इथली सकाळ आणि तिथली संध्याकाळ, असा तिचा फोन यायचा. फोन लागला की नाही याची तिला खात्री नसे, म्हणून ती आधी नुसतं नाव घ्यायची. शेवटचं अक्षर लांबवून, अंगणातून गच्चीवर हाक मारावी तसं. मी ‘ओ’ म्हटलं की मगच पुढचं बोलणं. ऐकू येतंय का गं, जेवलीस का, जावयांचा खोकला थांबला का.

आई गेली त्याला दोन वर्षं होत आली. त्यानंतर माझ्या शनिवारच्या सकाळी रिकाम्या झाल्या. वर्गात नाव घातलं ते सुपरवायझरबाईंनी सांगितलं म्हणून, असं मी सगळ्यांना सांगते. खरं कारण ती रिकामी सकाळ होती. फोनच्या शेजारी बसून राहणं मला सोसत नव्हतं.

घरी आल्यावर मी नवऱ्याला वर्गातली चूक सांगितली. नावांचं सांगितलं नाही, नुसतं म्हटलं की वाक्य बदलत नव्हतं. तो जन्मभर हेच काम करत आलाय. इथे आला तोही या कामासाठीच. बायकोनं स्वतःहून त्याच्या विषयातलं काही विचारावं, हे सुख त्याला पहिल्यांदाच मिळत होतं. तो हातातला पेपर टाकून उठला आणि सरळ माझ्या ओट्याशी आला.

“हे बघ,” म्हणाला, “हा डबा.” त्यानं साखरेचा डबा पुढे ओढला. त्यावर मी मास्किंग टेपवर ‘साखर’ लिहून चिकटवलं होतं. “यात जे आहे ते बदलायचं नाही. सील आहे असं समज. तुला गूळ पाहिजे, तर गुळाचा नवीन डबा येणार. मग तू ही चिठ्ठी काढायची आणि त्या डब्यावर लावायची. तू चिठ्ठी लावलीच नाहीस, म्हणून तुला साखरच दिसत राहिली.”

“सोलून काढलीत ती चिठ्ठी परत लावा,” मी म्हटलं. “नाहीतर उद्या चहात मीठ पडेल.”

“अगं, कन्सेप्ट समजून घे ना.”

“समजली. आणि चिठ्ठी काढलेल्या जुन्या डब्याचं काय होतं?”

“त्याच्यावर दुसरी एखादी चिठ्ठी असेल तर राहतो तो. कुणीतरी त्याला धरून असायला पाहिजे, बास. एक जरी रेफरन्स असला तरी पुरे.”

“आणि कुणीच नसलं तर?”

“मग सिस्टिम उचलून टाकते. मेमरी मोकळी करते. ते चांगलंच आहे यार, नाहीतर कचरा साठेल नुसता.”

मी कणीक मळत होते. मळत राहिले. त्याला वाटलं, बायकोला विषय समजला, आणि तो खूश होऊन पेपर वाचायला गेला. माझे डोळे भरून आले होते आणि हात कणकेचे होते, म्हणून ते तसेच वाहू दिले. आई गेल्यावर माझ्या नावाला धरून असणारं कुणीच उरलं नाही, हे मला इतकं स्पष्ट कुणी सांगितलं नव्हतं. तेही कचरा म्हणून.

माझा नागरिकत्वाचा अर्ज त्या सुमारास अर्धा भरून पडला होता. नवरा आधीच इथला नागरिक झाला होता, लेक तर जन्मानंच. मीच चालढकल करत होते, कारण भारताचा पासपोर्ट परत द्यायचा म्हटलं की मी अर्ज बंद करून उठत असे. त्या अर्जात एक साधा प्रश्न असतो. तुम्हांला या निमित्तानं नाव बदलायचं आहे का? पहिल्या वेळी मी त्यावर ‘नाही’ करून पुढे गेले होते. त्या आठवड्यात मी मागे आले आणि ‘हो’ केलं.

लपवाछपवी मला जमत नाही. जेवताना सांगून टाकलं.

नवऱ्यानं आमटीतला चमचा तसाच ठेवला. “कुठलं नाव?”

“माझं. आधीचं.”

“आता? या वयात?”

“वयाचा काय संबंध? नाव काय झेपत नाही का मला?”

“सगळी कागदपत्रं बदलावी लागतील. बँक, लायसन्स, सगळं.”

“बदलेन.”

तो थोडा वेळ भात कालवत राहिला. मग खाली बघूनच म्हणाला, “मी दिलेलं नाव वाईट होतं का?”

इथे मी नरमाईनं घ्यायला हवं होतं असं कुणी म्हणेल. मी नाही घेतलं. “इतक्या वर्षांत एकदा तरी त्या नावानं हाक मारलीत का मला?” मी विचारलं. “एकदा तरी?”

तो ताट उचलून उठला. पुढचे काही दिवस आमच्या घरात फार सभ्यपणे बोलणं चालू होतं. दूध संपलंय. हो का, आणतो. नवरा चिडला की ओरडत नाही, काम काढतो. त्यानं लॉन कापलं. गराज झाडलं. मग पुन्हा लॉन कापलं, ज्यावर कापण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी मला विचारलं, तुम्ही घर विकताय का?

लेक ओहायोत डब्लिनला असते. तिला फोनवर सांगितलं तर ती लगेच म्हणाली, “मॉम, जस्ट डू इट. इट्स युअर नेम.”

“बाबा रुसलेत.”

“ऑफ कोर्स ही इज. ही पिक्ड इट.” मग म्हणाली, “व्हाय नॉट बोथ? दोन्ही जोड ना. प्लस करून टाक.”

मी विचार करून पाहिला. दोन स्ट्रिंगा जोडून तिसरी करता येते, हे तोवर मीही शिकले होते. पण त्या जोडनावानं मला कुणी कधीच हाक मारली नव्हती, आणि मारणारही नव्हतं. मला नवीन नाव नको होतं, एकच नाव हवं होतं.

रविवारी दुपारी मी टेबलावर मेथी निवडायला बसले होते. नवरा आला, समोरची खुर्ची ओढली आणि न सांगता निवडायला लागला. तो देठंच जास्त ठेवतो आणि पानं टाकतो, पण मी त्याला निवडू दिलं.

“ते नाव मी लग्नाच्या वेळी नव्हतं शोधलं,” तो म्हणाला. “फार आधीपासून होतं डोक्यात.”

मी मान वर केली. “कुणाचं होतं?”

“तुला वाटतंय तसं कुणाचं नाही.” तो हसला नाही. “आमच्या मागच्या घरात एक लहान मुलगी होती. संध्याकाळ झाली की तिची आई तिला खेळातून घरी बोलवायची. रोज. आम्ही चौघं भाऊ, आमच्या घरात हाका म्हणजे नुसती आरडाओरड. ती हाक ऐकायला बरं वाटायचं. तेव्हा ठरवलं होतं, आपल्या घरात कुणीतरी या नावाचं हवं.”

मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं एका छपराखाली राहून माहीत नव्हतं. “मग हाक का नाही मारलीत?”

“आईसमोर कशी मारणार? नंतर जीभच वळेना.” त्यानं एक जुडी संपवून दुसरी घेतली. “मनात मारतो ना.”

“कधी?”

“तुला यायला उशीर झाला की. पाऊसबिऊस असला आणि तू हायवेवर असलीस की. खिडकीशी उभा असतो तेव्हा.”

माझा सगळा राग तिथेच ओसरला, आणि ते मला आवडलं नाही, कारण रागावर मी आठवडाभर तगून होते. मी जे मेलेलं समजत होते ते नाव याच्याकडे खिडकीत उभं होतं. ते मी आता टाकणार होते. क्षणभर वाटलं, जाऊ दे, अर्जात परत ‘नाही’ करावं. एका माणसाला एवढं लागत असेल तर कशाला?

पण मग आईचा फोन आठवला, आणि मला जे म्हणायचं होतं ते नीट सापडलं.

“ते नाव तुम्ही ठेवा,” मी म्हटलं. “मनात मारता तशीच हाक मारत राहा. तुम्ही धरून आहात तोवर ते कुठे जात नाही, तुम्हीच सांगितलंत ना त्या दिवशी, साखरेचा डबा घेऊन? पण माझ्या दुसऱ्या नावाला आता कुणीच नाहीये हो. आई होती. ती गेली.”

त्या शनिवारी ओट्याशी त्यानं काय सांगितलं आणि मी काय ऐकलं, हे त्याच्या लक्षात येताना मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. “कचरा म्हणालो मी,” तो हळूच म्हणाला.

“म्हणालात.”

“तसं नव्हतं म्हणायचं मला.”

“माहितीये.”

त्यानं बराच वेळ एकच काडी हातात फिरवली. “मला जमणार नाही पण ते नाव घ्यायला. एवढं सांगतो. जीभ वळणार नाही.”

“नका घेऊ. कोर्ट घेईल.”

संध्याकाळच्या भाजीत देठं फार होती. आम्ही दोघांनी ती निमूट खाल्ली.

नाव बदलून घेणाऱ्यांचा नागरिकत्वाचा शपथविधी आमच्या भागात न्यायाधीशांसमोर होतो. त्या दिवसासाठी लेक आदल्या संध्याकाळीच येऊन राहिली होती. मी आईची जांभळी इरकल नेसले. नवऱ्यानं कोट घातला आणि गाडी धुऊन आणली. हॉलमध्ये कुठकुठल्या देशांची माणसं होती, बहुतेक माझ्यासारखीच आदल्या रात्री न झोपलेली. शपथ झाली. मग एकेकाला नाव घेऊन पुढे बोलावायला लागले.

मी त्या क्षणाची वाट पाहत होते. मनात त्याची किती वेळा तालीम केली होती. आता सगळ्यांसमोर, सरकारी आवाजात, माझं नाव घेतलं जाईल आणि ते पुन्हा माझं होईल. क्लार्कबाईंनी कागदाकडे बघितलं, थांबल्या, आणि त्यांनी ते नाव असं काही मोडून घेतलं की ते कुणाचंही असू शकलं असतं. लेकीनं कोपरानं ढोसलं तेव्हा मी उठले. सर्टिफिकेट हातात घेतलं. त्यावर ते छापलेलं होतं, वर्गात स्क्रीनवर आलं होतं तसंच. न्यायाधीशांनी हात मिळवला. आत काहीही हललं नाही. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटल्याचा रागही आला. एवढा आटापिटा करून हातात एक कागद आला होता.

बाहेर पायऱ्यांवर ही गर्दी. जो तो फोटो काढत होता, हातात छोटे झेंडे, लहान मुलं पळत होती. लेक माझा पदर सरळ करून फोटो काढत होती आणि “मॉम, स्माइल” म्हणत होती. नवरा गाडी आणायला गेला होता. खालच्या रस्त्याला तो गाडीतून उतरून हात हलवत होता, असं लेकीनं मला नंतर सांगितलं. ‘अगं’ म्हणून ओरडतही होता म्हणे. पण ‘अगं’ हा घरात म्हणायचा शब्द आहे, तो रस्ता ओलांडून येत नाही. मी कागदाची घडी करावी की करू नये, या विचारात होते.

तेवढ्यात कुणीतरी मला हाक मारली.

बारशाच्या नावानं. मोठ्यानं. शेवटचं अक्षर जरा लांबवून.

कोण, कुठून, काही कळायच्या आधी माझ्या तोंडून “ओ!” निघून गेली होती. लहानपणी गच्चीवरून द्यायचे तशी खणखणीत. आजूबाजूच्या चारजणांनी वळून बघितलं. लेकीचा फोन खाली आला. “मॉम?” ती म्हणाली. तिनं मला असं ओ देताना कधी ऐकलंच नव्हतं.

खाली रस्त्यावर नवरा गाडीचं दार धरून उभा होता. कोट, टाय, आणि कान लालबुंद. माझी ओ त्याच्यापर्यंत पोचली होती. पुढे काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं, आणि मलाही. मी निऱ्या सावरत पायऱ्या उतरले, रस्ता ओलांडला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

“चल लवकर,” तो दुसरीकडे बघत म्हणाला. “गाडी नो पार्किंगमध्ये आहे.”